कागदाचा वरचा अर्धा भाग

नसीमआपा गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याला आमच्या गच्चीवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे उलटत होते. फोन रुबीनाचा होता. रुबीना म्हणजे आपांची विद्यार्थिनी, आता स्वतः मुलींच्या मदरशात शिकवते. म्हणाली, "ताई, आपा गेल्या. सकाळी नमाजला उठल्या, वुजूचे हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले बिबडे उलटून टाकले. मग एसटी पकडून जळगावला निघाले. पारोळ्याला बस अर्धा तास थांबली तेव्हा मी कंडक्टरवर एवढी खेकसले की शेजारची बाई खिडकीकडे सरकून बसली. पोचले तोवर आपांना घेऊन गेले होते. घरात बायका बसल्या होत्या, मीही त्यांच्यात बसले. आणि तिथे, माती पडून तीन तासही झाले नव्हते, तर एक बाई दुसरीला म्हणाली, बिचारी भली होती, पण तिच्या कागदानं किती घरं बसली! मी काही बोलले नाही. त्या न बोलण्याचा राग अजून उतरलेला नाही. आता सहा आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी आठवणी लिहा म्हटलं, म्हणून लिहितेय. गोड काही निघेल असं वाटत नाही.

आपा म्हणजे नसीमबानू, जळगावच्या आलिमा. आलिमा म्हणजे शरीयतचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई. पुरुष आलिमांकडे दफ्तर असतं, शिक्का असतो. आपांकडे शिक्का नव्हता. होती एक बैठी मेज आणि तिच्यासमोर एक सतरंजी. बायका तिथे येऊन बसायच्या आणि जे मौलानांना विचारायला जीभ रेटत नाही ते विचारायच्या. पूर्वी ते प्रश्न नवऱ्याचे, सासूचे, पाळीचे, रोज्याचे असत. गेल्या दहा वर्षांत प्रश्न बदलले. भिशीत पहिला नंबर लिलावाने घेतला तर चालेल का? सोनं हप्त्याने घ्यावं का? फोनवर पैसे पाठवले की ॲप काही रुपये परत देतं, ते हलाल का? आपांची पद्धत अशी की तोंडी सांगून भागवायचं नाही. बाईने प्रश्न कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात लिहायचा, किंवा रुबीनाकडून लिहून घ्यायचा. खालचा अर्धा भाग उत्तराचा. दोन्ही एकाच कागदावर. कागद बाईला परत, आणि वहीत त्याची नक्कल. ज्या बाया मराठी शाळेत शिकल्या त्यांना मराठीत उत्तर, बाकीच्यांना उर्दूत. सगळ्या मोहल्ल्यात त्याला आपाचा कागद म्हणत.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा जळगावला बँकेत होते. एक दिवस बुरख्यातली एक बाई काउंटरवर आली आणि म्हणाली, व्याज आम्हाला हराम, माझ्या खात्यातलं काढून टाका. बाहेर ही लांब रांग, आणि व्याज कमी पडलं म्हणून माझ्या डोक्यावर बसणारी माणसं मी रोज बघत होते. मी म्हटलं, बाई, मशीन व्याज टाकतंच, तुम्हाला नको असेल तर काढा आणि फेकून द्या. त्यांनी शांतपणे तेवढीच रक्कम काढली. पंधरा दिवसांनी मला समजलं की त्या पैशातून त्यांनी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेतल्या संडासाची दारं बसवून दिली. पुढच्या वेळी आल्या तेव्हा मी मुद्दाम डिवचलं, म्हणजे पुण्य कमावलंत की! त्या म्हणाल्या, "छे. पुण्याची नियत ठेवलीच नाही. जे माझं नाही ते मी घरात ठेवत नाही, एवढंच." साक्रीकडच्या आमच्या घरात देवधर्म भरपूर होता, पण दान करून पुण्य नको म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मला आधी ते ढोंग वाटलं. ढोंग नाही हे पटायला मला दोनेक वर्षं लागली, कारण मी कोणावर लवकर विश्वास ठेवत नाही. निदान तसं मी स्वतःला सांगत आले.

पुढे आमची जोडीच जमली. बायकांचे पैशाचे प्रश्न आले की आपा मला बोलावून घ्यायच्या. "व्यवहार कसा होतो ते तुम्ही सांगा सुमनताई, शरीयतचा हुकूम मी शोधते." मी मुदत ठेव, सोन्याचं कर्ज, म्युच्युअल फंड, विमा सगळं समजावून द्यायची, आणि त्या असे प्रश्न विचारायच्या की बँकेच्या परीक्षेत मला कुणी विचारले नव्हते. माल कोणाच्या ताब्यात आहे? बुडालं तर कोणाचं बुडतं? विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, असं काही आहे का? हे सगळं त्या पोथीतून शिकल्या होत्या खऱ्या, पण मुरलं ते केळीत. आपा सावद्याच्या. वडील केळीचे व्यापारी, बागाच्या बागा उक्त्या घ्यायचे, घड निसवायच्या आधीच सौदा. मदरशातून शिकून आलेल्या पोरीने बापाला सांगितलं की फळ दिसल्याशिवाय त्याचा सौदा करू नका, जे अजून झाडातून बाहेर आलं नाही ते तुम्ही कसं विकत घेता? बाप आठवडाभर जेवायला बसेना तिच्यासोबत. नंतर मात्र निसवण झाल्यावरच बागेत जाऊ लागला. बाकीचे व्यापारी हसले. एका वर्षी वादळात बागा आडव्या झाल्या तेव्हा हसणं बंद झालं, असं आपा सांगायच्या, आणि सांगताना स्वतः मात्र मिश्कील हसायच्या.

त्या नव्याला नाकं मुरडणाऱ्या नव्हत्या, हे इथे लिहायलाच हवं, कारण शोकसभेत त्यांना जुन्या वळणाची म्हणून घेतलं गेलं. फोनवरून पैसे देण्याबद्दल एकीने विचारलं तर म्हणाल्या, नाणं खिशात असो की फोनमध्ये, माझ्या ताब्यात आहे आणि मी म्हणेन तेव्हा खर्च होतं, मग अडचण काय? आभासी चलनाच्या, म्हणजे नुसत्या कॉम्प्युटरवर असणाऱ्या नाण्यांच्या, बाबतीतही आलिमांमध्ये मतभेद आहेत हे त्यांनी मला नीट समजावलं होतं. काही म्हणतात, लोक ज्याला मालमत्ता मानून देवघेव करतात ती मालमत्ताच. काही म्हणतात, ज्याच्यामागे ना वस्तू ना कोणाची जबाबदारी, तो नुसता अंदाजाचा खेळ, म्हणजे जुगार. आपा दोन्हीकडची पुस्तकं वाचत होत्या आणि मला छळत होत्या. एकदा विचारलं, हे विकत घेतलं की माझ्या हातात काय येतं? मी म्हटलं, एक आकडा. "आकडा तर तुमच्या बँकेतही येतो. फरक काय?" मी म्हटलं, आमच्या आकड्यामागे कायदा आहे, बँक बुडाली तरी दार ठोठावायला जागा आहे. तेव्हा शहरात ज्या नाण्याचा बोलबाला होता ते काढलं होतं शकील सरांनी, त्यांचे कॉम्प्युटरचे क्लास होते. आपांनी विचारलं, "आणि त्यांच्या आकड्यामागे कोण आहे?" मी म्हटलं, शकील सर. आपा इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

ते नाणं मोहल्ल्यांमध्ये हलाल नाणं म्हणून विकलं जात होतं आणि गावांमध्ये शेतकऱ्याचं नाणं म्हणून. जसं गिऱ्हाईक तसा झगा. जळगावला एका हॉलमध्ये जेवणावळी झाल्या, धुळ्यात झाल्या. माणूस आणला की आणणाऱ्याच्या ॲपमध्ये आकडा वाढायचा. आणि या सगळ्याच्या पुढे लावायला त्यांना एक कागद हवा होता. मोठ्या दफ्तरातून शिक्क्याचा कागद मिळेना, तिथे चौकशी करणारी माणसं बसलेली. बायकांमध्ये मात्र शिक्क्यापेक्षा आपाच्या अक्षराला किंमत जास्त. शकील सर रुबीनाचे लांबचे मामा. त्यांनी भाचीकडे एक प्रश्न लिहून दिला. त्या प्रश्नात नाणं नव्हतं, ॲप नव्हतं, काही नव्हतं. साधा कापडाच्या भागीदारीचा प्रश्न. रुबीनाने तो निरागसपणे आपांपुढे ठेवला, आपांनी खालच्या अर्ध्या भागात उत्तर लिहिलं, आणि कागद गेला.

चार दिवसांत तो प्रत्येकीच्या फोनवर होता. पण अख्खा नाही. वरचा अर्धा भाग कापलेला, उत्तराच्या सुरुवातीच्या ओळीही कापलेल्या. उरलं होतं एवढंच... असा व्यवहार जायज आहे, नफ्यातला वाटा घेण्यात हरकत नाही. खाली आपांचं नाव. आणि त्या फोटोच्या वर नाण्याचं चित्र. असा म्हणजे कसा, हे एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायका! त्यांच्यावर मी तेव्हाही चिडले होते, आजही चिडते.

आपांनी वही काढली, नक्कल दाखवली, बायकांच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. शकील सरांनी सांगितलं, ते मागाहून लिहिलंय, दबावाखाली. झालं. मी धुळ्याहून तणतणत गेले. म्हटलं, आपा, आता स्वतःहून एक कागद लिहा, या नाण्याचं नाव घालून, हे चालणार नाही असं स्पष्ट लिहा. आणि इथे त्यांनी ती चूक केली, जी फक्त त्यांच्यासारखं माणूसच करू शकतं. म्हणाल्या, "विचारल्याशिवाय उत्तर लिहिता येत नाही ताई. प्रश्न नसताना लिहिलं तर ते माझं मत झालं, मग शकीलच्या आणि माझ्या बोलण्यात फरक काय राहिला? कोणीतरी विचारू दे." मी कपाळावर हात मारला. घर जळतंय आणि तुम्हाला रीत सुचते? भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या तोंडी सांगत होत्या की यात पडू नका, पण लेखी विचारा म्हटलं की बाया चुळबुळ करत उठायच्या. ॲपमधला आकडा रोज वाढत होता. ज्याचं उत्तर ठाऊक आहे तो प्रश्न कोण लिहील?

मग त्या मला म्हणाल्या, "तुम्हीच लिहा ना प्रश्न." मी म्हटलं, मी हिंदू बाई, मी कशी विचारणार? म्हणाल्या, सावद्याचे दोन चौधरी बागेच्या सौद्याचं विचारून गेलेत, त्यांना मी कागद दिला, तुम्हाला का नाही देणार? तुम्ही बँकेतल्या, व्यवहार तुमच्याइतका नीट कोणी मांडणार नाही. वरचा अर्धा भाग तुम्ही लिहा, खालचा मी आजच्या आज लिहिते. त्यांनी कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. मी तो घडी करून पर्समध्ये घातला आणि म्हटलं, घरी जाऊन नीट लिहिते, घाईत शब्द चुकायला नकोत.

तो कागद मी लिहिला नाही. त्यानंतर दोन महिने आपांचे फोन येत होते आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी कारण सांगत होते. सुनेचं बाळंतपण, माझे गुडघे, साक्रीचं लग्न. कारणं सगळी खरी होती. खरं कारण त्यात नव्हतं. त्याकडे येते.

ॲप बंद पडलं ते एका शुक्रवारी. बायका शकील सरांच्या दाराशी गेल्या, तिथे कुलूप. मग त्या आपांच्या दाराशी आल्या, कारण आपांचं दार उघडं असायचं. त्या दिवशी काय काय बोललं गेलं ते रुबीनाने मला सांगितलं, मी इथे लिहिणार नाही. आपांनी एकीलाही वही दाखवली नाही. म्हणाल्या, नाव माझंच होतं. ज्या पुरुषांनी नाण्याच्या जेवणावळीत ताटं चाटून पुसून खाल्ली, ते पुढे येऊन म्हणू लागले की बाईने फतवे द्यायचेच कशाला. त्या दिवसापासून आपांनी लिहिणं सोडलं. कोणी आलं तर चहा द्यायच्या आणि सांगायच्या, दुसरीकडे विचारा. मी भेटायला गेले तेव्हा मेज भिंतीला उभी करून ठेवलेली होती. माझ्या कागदाबद्दल त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. पाच महिन्यांनी गेल्या. डॉक्टर म्हणाले हृदय. मी डॉक्टरांशी वाद घालत नाही.

शोकसभा गेल्या पंधरवड्यात झाली, आणि बोलायला शकील सर! ते म्हणे स्वतःच फसले होते, वरच्या माणसांनी फसवलं म्हणे, पोलिसांनी दोनदा बोलावलं आणि सोडलं. पांढरा कुर्ता, डोळ्यांना रुमाल. म्हणाले, आपा मोठ्या होत्या, फक्त त्यांनी वेळीच स्पष्ट शब्दांत अडवलं असतं तर आज आपल्या बहिणींवर ही वेळ आली नसती. मागे बसलेली माणसं माना डोलावत होती. मी उभी राहिले. म्हटलं, "कागदाचा वरचा अर्धा भाग कुठे आहे?" ते म्हणाले, कोणता भाग, ताई? मी म्हटलं, तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेला, तो. संयोजकांनी मला बसायला सांगितलं, ही वेळ नाही म्हणाले. शेजारून माझ्या धाकट्या भावाने, तो साक्रीहून मला सोडायला आला होता, पदर ओढला. "बस ना ताई. बठ्ठा लोके देखी राहिनात. आपला बी पैसा व्हता ना तठे."

नाण्यातल्या पैशांचं तो हळूच बोलला. पण ज्या दोघीतिघींना ऐकू जायला नको होतं त्यांना गेलं. त्यांत रुबीना होती.

सभा संपल्यावर रुबीना मला आपांच्या घरी घेऊन गेली. खोली तशीच आहे. मेज मात्र पुन्हा आडवी मांडलेली, सतरंजी झटकून घातलेली. आपा गेल्यावर आठ दिवसांनी रुबीनाने तिथे बसायला सुरुवात केली आहे. तिला मी म्हटलं, मला एक प्रश्न लिहायचा आहे. तिने कागद दिला. मी वरच्या अर्ध्या भागात लिहिलं की, मेलेल्या माणसाच्या नावावर एक खोटं पसरलेलं आहे, खरं काय ते एका बाईला माहीत होतं, तिने वेळेवर विचारलं नाही, आता तिने काय करावं? रुबीनाने कागद वाचला आणि खाली लिहिण्याऐवजी माझ्याकडे परत सरकवला. पूर्वी आपा असं करत नसत, प्रश्न जसा येईल तसा घेत. ही पोर त्या एका कागदानं शहाणी झाली आहे.

"ही बाई कोण, ते लिहा. आणि का विचारलं नाही, ते लिहा," ती म्हणाली. "नाहीतर मी उत्तर देणार नाही."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माझ्या मुलीच्या वयाची, आणि तोच कापलेला प्रश्न स्वतः आणून देणारी! मी तिला तसं बोललेही. ती रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, "हो, मीच आणला होता. म्हणून विचारतेय."

मग मी लिहिलं. लिहिलं की ती बाई म्हणजे मी, सुमन, बँकेतून निवृत्त, आणि माझ्या निवृत्तीच्या पैशातले काही त्या नाण्यात होते. आपांना हसवलं त्याच्या पुढच्याच महिन्यात, भावाच्या नादाने म्हणत असले तरी स्वतःच्या हातानेच घातले होते. आकडा वाढत होता. दिवाळीला काढून घ्यायचे आणि मग प्रश्न लिहायचा, असं मी ठरवलं होतं. माझा प्रश्न गेला असता तर आपांचा कागद निघाला असता, आणि आपांचा कागद निघाला असता तर आकडा पडला असता. म्हणून लिहिला नाही. एवढं लिहायला मला अर्धा भाग पुरला नाही, मी पाठीमागे लिहिलं. इतके दिवस मी शकील सरांवर चिडले, बायकांवर, जेवणावळीतल्या पुरुषांवर, आपांच्या रीतीवर चिडले, बसच्या कंडक्टरवर चिडले. त्यातला बराच राग चुकीच्या पत्त्यावर जात होता.

रुबीनाने दोन ओळींचं उत्तर दिलं. खोटं ज्या लोकांपर्यंत गेलं त्यांच्यापर्यंत खरं पोचवा, अख्खं पोचवा, आणि त्यात स्वतःचं नाव लपवू नका. मग तिने आपांची वही माझ्यापुढे उघडून ठेवली. त्या नकलेचा फोटो नको, हाताने उतरवून घ्या म्हणाली. मी त्या मेजेशी बसून उतरवून घेतलं. संपादकांना माझी एकच अट आहे, जागा कमी पडली तर वरच्या आठवणी कापा, यातलं एक अक्षरही कापू नका.

प्रश्न: एक माणूस आपले पैसे एका कापड व्यापाऱ्याला देतो. व्यापारी त्या पैशांनी कापड घेऊन विकतो. नफा झाला तर दोघांनी ठरलेल्या हिश्शाने वाटून घ्यायचा. तोटा झाला तर पैसे देणाऱ्याचे पैसे जातील आणि व्यापाऱ्याची मेहनत जाईल. असा व्यवहार करणे योग्य आहे का?

उत्तर: व्यवहार वर लिहिला आहे तसाच असेल, माल डोळ्यांना दिसणारा आणि हातात घेता येणारा असेल, नफ्याची रक्कम आधीच कबूल केलेली नसेल आणि माणसे आणून देण्याचा मोबदला कोणी घेत नसेल, तर असा व्यवहार जायज आहे. नफ्यातला वाटा घेण्यात हरकत नाही. अल्लाह अधिक जाणतो.
नसीमबानू, जळगाव.